नारू, पायविहीर आणि ज्ञानेश्वर तर्खड

वर्गात एका जुन्या ग्रामीण कथेचे वाचन चालू असताना ‘नारू’ हा शब्द आला आणि एका विद्यार्थ्याने विचारले, ‘‘सर, हे कोणाचं नाव आहे का?’’ वर्ग हसला नाही, कारण अर्थ कोणासच ठाऊक नव्हता. विद्यार्थी करकंबचा. पुढे पंढरपूर-टेंभुर्णी रस्त्यावरील त्या गावी त्याच्या घरी जाण्याचा योग आला, तेव्हा त्याच्या आजोबांनी धोतर वर सारून घोट्याजवळचा पांढरा वण दाखवला. ‘‘काडीला गुंडाळायचा, रोज बोटभर. मधीच तुटला की पाय गेलाच म्हणा.’’ नातू आमच्या इतक्याच नवलाने पाहत होता.

नारू हा दोऱ्यासारखा, हातभर किंवा त्याहूनही लांब कृमी. पाणी प्यायल्यापासून जवळजवळ वर्षाने तो बहुधा पायातून बाहेर येई. आधी फोड, मग असह्य आग. आग शमावी म्हणून माणूस पाय पाण्यात बुडवी आणि नेमक्या त्याच क्षणी मादी हजारो पिले पाण्यात सोडी. संस्कृत वैद्यकाने या रोगास ‘स्नायुक’ म्हटले. काडीचा उपाय तर फारच जुना. परंतु कृमी शरीरात शिरतो कोठून, हे शतकानुशतके कोडेच राहिले.

ते उलगडण्यास १८७० च्या सुमारास रशियन संशोधक फेडचेंको यांनी तुर्कस्तानात आरंभ केला. नारूची पिले पाण्यातील ‘सायक्लॉप्स’ या बारीक जीवात शिरतात, असे त्यांना दिसले. (होमरच्या एकाक्ष राक्षसाचे नाव टाचणीच्या टोकाएवढ्या जीवाला देणाऱ्याची विनोदबुद्धी आम्हांस आवडते.) पुढे लायपर यांनी माकडावर प्रयोग केले. माणसापुरता पुरावा मात्र मुंबईत मिळाला. जीवाणुशास्त्रज्ञ डॉ. ज्ञानेश्वर आत्माराम तर्खड यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास बाधित सायक्लॉप्स असलेले पाणी स्वयंसेवकांना पाजले आणि त्यांना नारू झाला.

मराठीच्या अभ्यासकाला हे घराणे परके नाही. व्याकरणकार दादोबा पांडुरंग हे ज्ञानेश्वरांचे चुलते. १८६७ साली स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाचे धुरीण डॉ. आत्माराम पांडुरंग हे वडील. दादोबांचे व्याकरण आम्ही दरवर्षी शिकवतो. पुतण्याचे नाव मात्र आमच्या वाङ्मयेतिहासात नाही, ते परजीवीशास्त्राच्या इतिहासात एखाद्या ओळीपुरते येते. आणि ते पाणी प्यायले त्यांची नावे त्या ओळीतही नसतात. आजच्या नीतिनियमांत असा प्रयोग बसणार नाही. तो वीरश्रीच्या भाषेत सांगणे आम्हांस जड जाते.

प्रयोगाचा अर्थ सोलापूरकडच्या कोरड्या मुलुखाला थेट लागू होता. येथील पायविहिरीत घागर भरायला माणूस पायऱ्या उतरून पाण्यात उभा राही. ज्याच्या पायाला व्रण, तो अख्ख्या गावाच्या पाण्यात नारू सोडी, मग त्याची जात कोणतीही असो. ज्या समाजाने काही माणसांच्या स्पर्शाने पाणी बाटते असे मानले आणि १९२७ साली महाडचे चवदार तळे ‘शुद्ध’ करण्यासाठी शेणगोमूत्राचा आधार घेतला, त्याला खरा विटाळ कशात आहे ते दिसलेच नव्हते. हे केवळ अज्ञान होते, असे म्हणून आम्हांस सोडून देता येत नाही. विहिरीवरून हाकलले गेलेले लोक मिळेल ते उघडे पाणी पीत राहिले.

नारूवर लस नाही, खात्रीचे औषधही नाही; आजही नाही. १९८३-८४ मध्ये राष्ट्रीय निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला, त्याची साधने साधीच होती. पायऱ्या बंद करून विहिरींना कठडे बांधले, बोअरला हातपंप बसवले, पाण्यात सायक्लॉप्सनाशक टेमेफॉस टाकले, घागरीच्या तोंडावर गाळणीचे फडके बांधायला शिकवले. देशातील शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात आढळला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणित केले.

निघताना आजोबांनी शिवारातली जुनी विहीर दाखवली. पायऱ्यांच्या तोंडाशी दगडी भिंत घातलेली, भिंतीवर बाभळीची सावली. खाली उतरता येईल का, असे आम्ही विचारले. ‘‘आता कशाला?’’ म्हणाले. घरी परतल्यावर सुनेने तांब्या पुढे केला. माठाच्या तोंडावर चौपदरी फडके बांधलेले होते. नळ येऊन कैक वर्षे झाली, तरी ते सोडू नका, असे त्यांनी घरात सांगून ठेवले आहे.