आधी पत्र, मग भेट : कल्याणच्या आनंदीबाई आणि अमेरिकेतली मावशी

शहापूर-मुरबाडच्या मोहल्ल्यांतून आखातात कामाला गेलेल्या मुलांचे अनुभव ऐकताना एक गोष्ट हमखास कानावर येते. ज्याच्याशी चार-पाच वर्षं फक्त मोबाइलवर बोलणं झालं, तो माणूस विमानतळावर घ्यायला येतो, बॅग उचलतो आणि पहिल्या रात्रीचं जेवण आपल्या खोलीवर देतो. काहींना उलटा अनुभवही येतो. फोनवर जीव लावणारा समोर आल्यावर टाळू लागतो. लोक म्हणतात, ही इंटरनेटच्या जमान्यातली नवी दोस्ती. मला ती नवी वाटत नाही. न पाहिलेल्या माणसाशी वर्षानुवर्षं बोलायचं आणि मग परदेशात जाऊन त्याच्या दारात उभं राहायचं, याचा एक लख्ख दाखला आपल्या शेजारच्या कल्याणचा आहे. तो जवळपास दीडशे वर्षं जुना आहे.

कल्याण आपल्याला परकं नाही. मुरबाडकर एसटीने आणि शहापूरकर आसनगावहून लोकलने तिथे उतरतात, मग पुढे जगात कुठेही जातात. फार प्राचीन काळी कल्याण बंदरात उतरलेला माल मुरबाडच्या बाजूने नाणेघाट चढून जुन्नरला जात असे. परमुलखाशी व्यवहार हा या पट्ट्याचा जुना धंदा आहे. १८५४ साली कल्याणपर्यंत रेल्वे आली. याच कल्याणातल्या पारनाक्यावरच्या गणपतराव जोशी यांची मुलगी यमुना. जन्म ३१ मार्च १८६५. नवव्या वर्षी तिचं लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झालं आणि ती आनंदी झाली. गोपाळराव टपाल खात्यात कारकून होते आणि बायको शिकली पाहिजे, हा त्यांचा हट्ट होता. चौदाव्या वर्षी आनंदीला मुलगा झाला. तो दहा दिवसांत गेला. आपल्याकडे बाईला दाखवायला बाई डॉक्टर नाही, हे तिने स्वतः सोसलं होतं. डॉक्टर होण्याचा तिचा निश्चय तिथून सुरू झाला.

१८७८ मध्ये गोपाळरावांनी कोल्हापुरातून एक पत्र अमेरिकेला पाठवलं. ज्यांना लिहिलं ते रॉयल वाइल्डर, पूर्वी कोल्हापुरात काम केलेले अमेरिकन मिशनरी. मागणं साधं होतं. बायकोला शिकवायचं आहे, तिकडे माझ्या नोकरीची काही सोय होईल का? उत्तराचा मतितार्थ असा होता, की आधी ख्रिस्ती व्हा, मग बघू. वाइल्डर यांनी हा पत्रव्यवहार आपल्या 'मिशनरी रिव्ह्यू' या मासिकात छापून टाकला.

इथपर्यंतची गोष्ट आपल्या ओळखीची आहे. 'आधी आमच्यात या, मग मदत करू' हे वाक्य अल्पसंख्याक माणसाला नवीन नसतं. आणि प्रामाणिकपणे बोलायचं, तर ते आपण स्वतःही बोलतो. वह्या-पुस्तकं मागायला आलेल्या मुलाला 'कुठल्या जमातचे?' असं विचारणारे आपल्यातही आहेत.

पण छापलेल्या कागदाचं एक बरं असतं. तो कुणाच्या हाती पडेल, हे छापणाऱ्याच्या ताब्यात राहत नाही. १८८० मध्ये न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई दाताच्या डॉक्टरकडे आपल्या पाळीची वाट बघत बसल्या होत्या. तिथे पडलेल्या जुन्या अंकात त्यांनी हे पत्र वाचलं. गोपाळरावांची धडपड आणि त्या मुलीची इच्छा त्यांच्या मनाला लागली. त्यांनी सरळ पत्र लिहिलं. कुठल्याही संस्थेतर्फे नव्हे, स्वतःच्या नावाने.

मग जवळजवळ तीन वर्षं पत्रं येत-जात राहिली. त्यामागे एक गोष्ट होती, जिच्याकडे आपलं लक्ष जात नाही. १८७६ साली हिंदुस्थान आंतरराष्ट्रीय टपाल संघात सामील झाला. त्याआधी परदेशी पत्राचा दर देशागणिक आणि मार्गागणिक वेगळा असे. संघामुळे सदस्य देशांसाठी दर ठरून गेले, आणि तिकीट लावलेलं पत्र पुढच्या देशात पुन्हा पैसे न मागता पोहोचू लागलं. १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडल्यावर बोटींचा रस्ताही जवळ आला होता. तरी उत्तर यायला आठवडेच्या आठवडे लागत. आज निळी खूण दिसली आणि दोन मिनिटांत उत्तर आलं नाही, तर आपण रुसतो.

या पत्रांत काय नव्हतं? बालविवाह, बायकांचं आजारपण, सणवार, धर्म, तिकडच्या आणि इकडच्या चालीरीती. आनंदीबाईंची तब्येत ढासळली, तेव्हा कार्पेंटरबाईंनी तिकडून औषधं पाठवली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. मराठीत हा शब्द सहज कुणाला मिळत नाही. काकू शेजारीणही होते, मावशी म्हटलं की आईच्या जागी धरलं.

दरम्यान गोपाळरावांची बदली बंगालमध्ये झाली. स्वतःला रजा मिळेना, म्हणून त्यांनी बायकोला एकटीला पाठवायचं ठरवलं. चहूकडून टीका झाली. एकटी बाई, त्यात ब्राह्मण, त्यात समुद्रापार. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी इंग्रजीत भाषण करून उत्तर दिलं. हिंदुस्थानात बाई डॉक्टरांची गरज आहे म्हणून मी जाते, हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असा त्याचा आशय होता. ७ एप्रिलला त्या कलकत्त्याहून मिशनरी बायकांच्या सोबतीने निघाल्या आणि ४ जूनला न्यू यॉर्कला पोहोचल्या. धक्क्यावर मावशी घ्यायला आल्या होत्या. तेव्हा आनंदीबाई अठरा वर्षांच्या होत्या.

पत्रातली मैत्री आणि एका छताखालची मैत्री यांत फरक आहे. पत्रात माणूस आपला चांगला भाग पाठवतो. घरात राहायला आला की त्याचं खाणं, नेसणं, उपासतापास सगळं बरोबर येतं. आनंदीबाई साडी नेसणाऱ्या आणि मांस न खाणाऱ्या. कार्पेंटरबाई ख्रिस्ती समाजातल्या, आणि त्यांच्या आजूबाजूला ही मुलगी ख्रिस्ती झाली तर बरं, असं वाटणारे लोक होते. पण मावशींच्या घरी तिला कुणी बदलायला बसलं नाही. उलट तिने आपल्या पद्धतीचं जेवण करून तिकडच्या लोकांना वाढलं. मेजबानी म्हणजे भरलेलं ताट खरंच. पण पाहुण्याचा ईमान-धर्म अमानत म्हणून सांभाळणं ही त्याहून मोठी मेजबानी.

शरद ऋतूत मावशींनी तिला फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय कॉलेजात पोहोचवलं. डीन रेचल बॉडले यांनी तिला मायेने सांभाळलं. त्या काळचा एक फोटो प्रसिद्ध आहे. तारीख १० ऑक्टोबर १८८५. आपापल्या देशाच्या पोशाखात तीन विद्यार्थिनी : आनंदीबाई, जपानची केई ओकामी आणि उस्मानी साम्राज्यातल्या दमास्कसची साबात इस्लांबुली, ही ज्यू घरातली. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना एम.डी. पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या.

पण हवामान, अपुरं खाणं आणि अभ्यासाचा ताण यांनी शरीर पोखरलं होतं. क्षय झाला. कोल्हापूरच्या दवाखान्यात नेमणूक मिळाली होती, ती हातात घेता आलीच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती.

याच्या उलट क्रमाची एक गोष्ट आपल्याच घरातली आहे. मुंबईच्या तय्यबजी-फैजी घराण्यातल्या अतिया फैजी १९०६ मध्ये शिक्षणासाठी लंडनला गेल्या. १९०७ मध्ये तिथे त्यांची इक्बालशी ओळख झाली. तिथे भेट आधी झाली आणि पत्रं नंतर आली. ती पत्रं अतियाबेगमनी जपली आणि १९४७ मध्ये मुंबईहून पुस्तकात छापली. क्रम कोणताही असो, दोन्हीकडे कागद जपणारी बाई होती म्हणून आज आपल्याला काही सांगता येतं. कार्पेंटरबाईंनी पत्रं ठेवली नसती, तर १८८८ मध्ये कॅरोलाइन डॉल यांना आनंदीबाईंचं चरित्र लिहिणं जड गेलं असतं.

ही गोष्ट सांगताना एक गोष्ट विसरू नये. आनंदीबाईंना अक्षर येत होतं म्हणून मैत्री झाली. त्याच काळात शहापूरच्या ठाकूर-कातकरी पाड्यांवरच्या मुलीला, किंवा आपल्या मोहल्ल्यातल्या बहुतेक मुलींना, पत्र लिहिण्याइतकी अक्षरंही कुणी दिली नव्हती. त्यांच्यातही कुणी डॉक्टर होणारी असेल. तिची गोष्ट जगात कुठेच पोहोचली नाही.

गोपाळरावांनी आनंदीबाईंच्या अस्थी अमेरिकेला पाठवल्या. न्यू यॉर्क राज्यात पोकीप्सी इथल्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, त्या ठेवल्या आहेत. वर आनंदीबाईंच्या नावाचा दगड आहे. एका ख्रिस्ती घराने आपल्या माणसांच्या कबरींमध्ये कल्याणच्या ब्राह्मण मुलीला जागा दिली, आणि त्यासाठी तिला शेवटपर्यंत काही बदलावं लागलं नाही. संस्थेने अट घातली होती. बाईने घातली नाही. आपल्या दारात कुणी मदत मागायला आला, तर या दोघांपैकी आपण कोण आहोत, हे एकदा स्वतःला विचारायला हवं.