तंजावरचा बँड आणि रिओची बैठक

सरफोजीराजे दुसरे १७९८ साली तंजावरच्या गादीवर बसले. श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकलेल्या या मराठी राजाने दरबारी पाश्चात्त्य बँड ठेवला. फौजेत मी बँड पुष्कळ ऐकले. कागदावरचे सूर, ठरलेली वेळ, सरकारी पगार. देखणा प्रकार, पण पगारावर उभा. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे वारले, पुत्र नाही म्हणून कंपनीने राज्य गिळलं. दरबारच गेला, तिथं बँड कुठला?

व्हायोलिन मात्र टिकलं. बाळुस्वामी दीक्षितर, दरबारातले वराहप्पय्यर, तंजावरच्या चार भावांपैकी वडिवेलू यांनी ते हाती घेतलं. मांडी घातली, ते छाती आणि पावलाच्या आधारावर धरलं आणि गवयाच्या शेजारी बसले.

तिकडे ब्राझीलच्या रिओतही १८४५ च्या सुमारास युरोपची पोल्का पोचली. पुढे टपाल खात्यातले कारकून, बँडवाले संध्याकाळी कुणाच्या तरी घरी जमू लागले. बासरी, गिटार, चार तारांचं चिमुकलं काव्हाकिन्यो. गोल बसायचं, एकानं चाल काढायची, बाकीच्यांनी पकडायची. ही बैठक म्हणजे ‘रोदा’, संगीत ‘शोरो’. पोल्काचा त्यात वेगळाच अवतार झाला. रोदा आजही भरतात, हुकमाशिवाय!

बाळुस्वामींचे थोरले बंधू मुत्तुस्वामी यांनीही इंग्रजी चालींवर संस्कृत शब्द बसवले. त्या ‘नोट्टुस्वरां’त एक चाल चक्क इंग्लंडच्या राष्ट्रगीताची आहे. दक्षिणेतली मुलं ती अजून शिकतात.