ससे, कोंबड्या आणि पाश्चरचा इशारा

एका शाळेच्या बागेत मुलांनी तारेची जाळी लावून चार कोंबड्या पाळल्या होत्या. त्याच जाळीत दोन ससे सोडले तर चालेल का, असे तिथल्या बाईंनी आम्हाला विचारले. ‘भांडतील का?’ एवढीच त्यांची शंका होती. आम्हाला मात्र लुई पाश्चरचा १८८० सालचा एक निबंध आठवला.

पाश्चर तेव्हा कोंबड्यांच्या कॉलऱ्याचा अभ्यास करत होता. (माणसाच्या पटकीशी या रोगाचा काही संबंध नाही.) या रोगाचे जंतू त्याने कोंबडीच्या मांसाच्या रश्श्यात वाढवले. ते टोचले की कोंबड्या आणि ससे झटपट मरत. गिनिपिगला मात्र टोचल्या जागी फक्त गळू येई. प्राणी खातपीत राही, पण गळवातल्या पुवात जिवंत जंतू असत. यावरून पाश्चरने एक मार्मिक गोष्ट लिहून ठेवली. अशा गिनिपिगांच्या सोबत राहणाऱ्या कोंबड्या व ससे अचानक मरू लागतील, गिनिपिग ठणठणीत दिसतील आणि पाहणाऱ्याला रोग आपोआप उपजला असे वाटेल! आज आपण अशा प्राण्याला रोगाचा वाहक म्हणतो.

हाच रोग पुढे एका मोठ्या प्रयोगाचा विषय झाला. १८५९ साली थॉमस ऑस्टिन याने ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतात शिकारीसाठी इंग्लंडहून आणलेले ससे सोडले. काही दशकांतच सशांनी कुरणे फस्त केली. १८८७ साली न्यू साउथ वेल्सच्या सरकारने सशांचा नायनाट करणाऱ्या उपायासाठी २५,००० पौंडांचे बक्षीस जाहीर केले. पाश्चरने कोंबड्यांचा कॉलरा सुचवला. त्याच डिसेंबरात फ्रान्समधील रॅन्स शहरी, मादाम पोमरी यांच्या मद्याच्या तळघरांवरील बंदिस्त जागेत, सशांच्या चाऱ्यावर जंतूंचा रस्सा शिंपडण्यात आला. ससे पटापट मेले.

१८८८ साली पाश्चरचा भाचा आद्रियँ लुआर जंतू घेऊन सिडनीला गेला. तिथल्या बंदरातील रॉड बेटावर सरकारी आयोगाच्या देखरेखीखाली प्रयोग झाले. जंतू लावलेला चारा खाल्लेले ससे मेले, यात शंका नव्हती. पण त्यांच्यापासून निरोगी सशांना रोगाची लागण सहजी होईना. शिवाय कोंबड्यांना व इतर पक्ष्यांना धोका होताच. आयोगाने परवानगी नाकारली. बक्षीस कोणालाच मिळाले नाही.

इथे विद्यार्थ्यांना विचारण्याजोगा प्रश्न आहे: प्राणघातक जंतू साथ का पसरवू शकला नाही? साथ वाढायची तर प्रत्येक आजारी प्राण्याने मरण्यापूर्वी सरासरी एकाहून अधिक प्राण्यांना लागण करायला हवी. मारण्याची ताकद आणि पसरण्याची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९५० साली ऑस्ट्रेलियात मिक्सोमॅटोसिसचा विषाणू सोडला, तेव्हा तो डासांमार्फत दूरवर पसरला आणि असंख्य ससे मेले. पण काही वर्षांतच विषाणूचे सौम्य प्रकार वरचढ ठरले. आजारी ससा जितका जास्त दिवस जगे, तितकी डासांना संधी जास्त मिळे. सशांची प्रतिकारशक्तीही वाढत गेली.

आता बागेकडे वळू. कोंबड्यांच्या कॉलऱ्याच्या जंतूला पाश्चरच्याच नावावरून ‘पाश्चरेला’ म्हणतात. निरोगी दिसणाऱ्या कित्येक सशांच्या नाकात तो मुक्काम करून असतो. पाश्चरच्या निबंधातली गिनिपिगाची भूमिका इथे ससाच बजावू शकतो. या जंतूचे प्रकार अनेक आहेत. सर्वच प्रकार सर्व प्राण्यांना सारखे बाधत नाहीत. म्हणून एकत्र ठेवलेल्या प्रत्येक जागी रोग होईलच असे नाही. पण ‘आमचा ससा तर ठणठणीत आहे’ हा पुरावा नव्हे, एवढे मात्र पाश्चरने शिकवले.

बाईंना आम्ही सांगितले: ससे जरूर पाळा, पण जाळ्या वेगळ्या करा. पाण्याची भांडी वेगळी ठेवा. नवा प्राणी काही आठवडे निराळा ठेवा आणि प्राणी हाताळल्यावर मुलांना साबणाने हात धुवायला लावा. सशाला शिंका येत असतील किंवा त्याचे नाक वाहत असेल, तर पशुवैद्यांना दाखवा. बाईंनी मुलांकडून दोन जाळ्यांमध्ये पाऊलवाट आखून घेतली. अदृश्य जंतूंवर विश्वास ठेवून आखलेली ती वाट पाहून आम्हाला समाधान वाटले.