ब्रॅगच्या छावणींतील नियोजित वणवे

वणवा म्हणजे केवळ संहार, हा समज खांडवदाहाच्या कथेनें आपल्याकडे दृढ केला असावा. अमेरिकेंत उत्तर कॅरोलायनांत १९१८ सालीं स्थापन झालेल्या ब्रॅगच्या लष्करी छावणीचा इतिहास निराळी साक्ष देतो. तोफांच्या माऱ्यानें तेथें वारंवार आग लागे. तीमुळेंच लांब सुयांच्या पाइनचें मोकळें रान टिकलें. या झाडाचें रोप आरंभीं गवताच्या झुबक्यासारखें असून त्याचा कोंब सुयांच्या आवरणांत आगींतूनहि वांचतो. जुन्या खोडांच्या वलयांतील जळल्याचे व्रण आम्ही अस्सल कागदाहून कमी मानीत नाहीं. याच जिवंत वृक्षांत ढोली कोरणारा एक सुतारपक्षी १९७० सालीं नामशेष होऊं घातलेल्यांच्या यादींत गेला. १९९० च्या सुमारास त्याच्यापायीं कवाइतीवर निर्बंध आले, तेव्हां सैन्यानें सुमारें तीन वर्षांच्या फेऱ्यानें रान स्वतःच जाळण्यावर भर दिला. २००६ सालीं तेथील पक्षी ठरविलेल्या संख्येस पोंचले.