दिनविशेष : ४ फेब्रुवारी — लसूण, लोहचुंबक आणि ढेकर

नेपल्सचे जांबातिस्ता देल्ला पोर्ता यांचे १६१५ मध्ये आजच्या दिवशी निधन झाले. ‘माजिया नातुरालिस’, म्हणजे नैसर्गिक जादू, हा त्यांचा लॅटिन ग्रंथ १५५८ मध्ये चार भागांत निघाला. १५८९ मध्ये तो वीस भागांचा झाला. आपण तो पंधराव्या वर्षी लिहिला, असे ते सांगत. छापून आला तेव्हा मात्र त्यांनी विशी ओलांडली होती.

आत काय नाही? स्वयंपाक, अर्क काढणे, सौंदर्यप्रसाधने, खोटी रत्ने, अदृश्य शाई. ऐकीव गोष्टीही भरपूर; पण काही त्यांनी पारखून घेतल्या. लसणाने लोहचुंबकाची शक्ती जाते, असे विद्वान शतकानुशतके लिहीत आले होते. पोर्तांनी लसूण खाल्ला, चुंबकावर फुंकर मारली, ढेकरही दिला. वर त्याला लसणाचा रस चोपडला. चुंबक ढिम्म!

त्यांचा अंधाऱ्या खोलीचा खेळ तर सिनेमाचा पणजोबाच. भिंतीच्या छिद्रात भिंग बसवायचे, बाहेर उन्हात नटांनी शिकारीचा प्रसंग करायचा, मुलांनी जनावरांची सोंगे घ्यायची. आत बसलेल्यांना पांढऱ्या पडद्यावर सारे हलताना दिसायचे.

निसर्गाचे नवे रहस्य शोधणाऱ्यालाच प्रवेश देणारी एक मंडळीही त्यांनी जमवली होती. चर्चला तिचा संशय आला आणि ती बंद पडली. १६१० मध्ये ते रोमच्या लिंचेई अकादमीत दाखल झाले. पुढच्याच वर्षी तिथे गॅलिलिओ आले.