सफर, सफारी आणि वाटाड्या

श्रोतेहो, मिरा-भाईंदरच्या हद्दीत खाडीच्या काठी घोडबंदर नावाचे गाव आहे. परदेशातून आलेले अरबी घोडे येथे उतरत, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. हे घोडे आणणाऱ्या अरबांची गलबते आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यालाही लागत. त्यांच्या भाषेत ‘सफर’ म्हणजे प्रवास. तोच शब्द फारसीच्या वाटेने आपल्या मराठीत आला, आणि तिकडे स्वाहिली भाषेत त्याचा ‘सफारी’ झाला. म्हणजे सफारी ही आपल्या सफरीची बहीणच म्हणायची!

आता ही सफारी पूर्वी कशी असे? मोटार नव्हती. माणसांचा तांडा पायी चाले. डोक्यावर ओझे घेतलेले हमाल, आणि सर्वांच्या पुढे वाट जाणणारा स्थानिक माणूस. व्यापारी हस्तिदंतासाठी जात. मागाहून बंदुका घेऊन गोरे शिकारी आले. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ साली मोंबासाला उतरले. त्यांनी व त्यांच्या मुलाने मिळून पाचशेहून अधिक जनावरे मारली. पुस्तकांत रूझवेल्टांचे नाव राहिले. माग काढणाऱ्यांची नावे किती जणांना ठाऊक आहेत?

पुढे काळ पालटला. दक्षिण आफ्रिकेत १९२६ साली क्रूगर राष्ट्रीय उद्यान झाले, आणि १९२७ साली तेथे प्रवाशांच्या मोटारी आल्या. किती? अवघ्या तीन! पण त्या तीन गाड्यांनी नवी रीत पाडली. जनावर मारायचे नाही, पाहायचे.

आपल्याकडेही हेच घडले. चांद्याच्या ताडोबा जंगलात १९३५ साली शिकार बंद झाली. १९५५ साली तेथे राष्ट्रीय उद्यान झाले. तेव्हा चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला, १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, आणि १९९५ साली ताडोबा व अंधारी मिळून व्याघ्र राखीव क्षेत्र झाले.

हल्ली लोक तेथे दोन-चार दिवस मुक्काम करतात. पहाटे एक फेरी, दुपारी दुसरी. उघडी जिप्सी गाडी, चालक, आणि शेजारी गाइड, म्हणजे आपला जुना वाटाड्याच. तो धुळीतला ठसा पाहतो, चितळाची हाक ऐकतो, वानर कोणीकडे तोंड करून खेकसते ते पाहतो, अन् हळूच सांगतो, “गाडी बंद करा.” रस्ता सोडून चाक घालायचे नाही, हा तेथला नियम. कारण गवत चिरडले की हरणाचा चारा गेला, आणि हरीण गेले की वाघही गेला.

पण श्रोतेहो, या गोष्टीला दुसरी बाजू आहे. आफ्रिकेत १९५९ साली मसाई गुराख्यांना सेरेंगेटी सोडावे लागले. ताडोबात २००७ साली बोटेझरी गाव हलले. पुढे नवेगाव आणि जामणीही. ज्या गोंडांच्या तारू नावाच्या पुढाऱ्यावरून ताडोबाचे नाव पडले असे मानतात, ज्याचे देवस्थान तळ्याकाठी आहे, त्यांच्याच वस्त्या जंगलाबाहेर आल्या. वाघाला निवांत जागा हवी, हे खरे. पण जागा सोडणाऱ्याला काय मिळाले, हेही विचारायला नको का? मोहर्लीसारख्या गावांतली मुले-मुली आज गाइड होऊन कमावतात, ही त्यातली चांगली गोष्ट. मात्र प्रत्येक घरात गाइड होत नाही.

घोडबंदरच्या डोंगराकडे पाहा. तेथे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे रान आहे. बोरिवलीला बसमधून वाघ दिसतात, ते कुंपणातले. चेण्याच्या बाजूच्या रानात फिरणारा बिबट्या मात्र मोकळा. या रानात वारल्यांचे पाडे आहेत. कोणत्या झऱ्याला उन्हाळ्यात पाणी राहते, कोणत्या पायवाटेने तिन्हीसांजेला जाऊ नये, ते पाड्यावरची म्हातारी माणसे सांगू शकतात.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एवढेच सांगणे. मुलांना सहलीला जंगलात न्याल तेव्हा वाघ दिसला की नाही, एवढेच विचारू नका. वाट कोणी दाखवली, त्याचे नाव काय, त्याचे गाव कोणते, हेही वहीत लिहायला सांगा. रूझवेल्टांच्या वाटाड्यांची नावे विसरली गेली. आपल्यांची तरी राहू द्या.