उपचारानंतरचे बारा आठवडे

हेपॅटायटिस सी या यकृताच्या आजारावरील औषधांचा कोर्स संपला, तरी त्या दिवशी रुग्णाला बरा झाला असे म्हणत नाहीत. शेवटच्या गोळीनंतर किमान १२ आठवडे जाऊ देतात आणि मग रक्त तपासतात. त्या रक्तात विषाणूचा आरएनए सापडला नाही, तरच आजार गेला असे मानतात. डॉक्टरांच्या बोलण्यात या निकषाला एसव्हीआर-१२ म्हणतात. या तीन महिन्यांत विषाणूविरुद्धचे कोणतेही औषध चालू नसते. रुग्णाला ही नुसती दिरंगाई वाटते, पण उपचाराची खरी परीक्षा याच काळात होते, आणि तो काळ किती असावा हे ठरायला दोन दशकांहून अधिक वर्षे लागली.

या वाट पाहण्याचे मूळ विषाणू सापडण्याच्याही आधीचे आहे. अमेरिकेतील बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत हार्वी आल्टर रक्त चढवलेल्या रुग्णांवर लक्ष ठेवून होते. त्यांच्यापैकी अनेकांच्या यकृताला सूज येई, पण ती ना हेपॅटायटिस ए विषाणूची असे, ना बी विषाणूची. १९७५ साली हे प्रसिद्ध झाले आणि आजाराला ‘नॉन-ए, नॉन-बी’ असे तात्पुरते नाव पडले. विषाणू हाती नव्हता, त्यामुळे त्याची चाचणीही नव्हती. यकृताला इजा होत आहे की नाही, हे एएलटी या एन्झाइमवरून ओळखत. आपल्याकडच्या लॅबच्या रिपोर्टवर एसजीपीटी म्हणून छापतात ते हेच.

१९८६ मध्ये जे हूफनेगल आणि सहकाऱ्यांनी अशा १० रुग्णांना अल्फा इंटरफेरॉनची इंजेक्शने दिली. ८ जणांचे एएलटी खाली आले. पुढची पायरी १९८९ ची. त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत १६६ रुग्ण होते आणि उपचार २४ आठवड्यांचे होते. पुरेसा डोस मिळालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांचे एएलटी सुधारले. त्यांच्यावर औषध थांबल्यानंतरही लक्ष ठेवले होते आणि सहा महिन्यांच्या आत त्यांतील सुमारे निम्म्यांचा आजार उलटला. औषध चालू असताना दिसणारी सुधारणा म्हणजे बरे होणे नव्हे, हा धडा इथे मिळाला आणि तो पुढे कोणी विसरले नाही. शेवटच्या इंजेक्शनच्या दिवशी चांगला रिपोर्ट हातात घेऊन घरी गेलेल्या त्या रुग्णांच्या निराशेतूनच आजची सावधगिरी आली आहे.

त्याच १९८९ मध्ये मायकेल हॉटन, क्वी-लिम चू, जॉर्ज कुओ आणि डॅनियल ब्रॅडली यांच्या गटाने विषाणूचा जनुकीय माग काढला आणि हेपॅटायटिस सी हे नाव रूढ झाले. लगोलग अँटीबॉडीची चाचणी आली. रक्तपेढ्यांसाठी ती मोलाची ठरली, पण बरे झाल्याचा निवाडा करायला ती निरुपयोगी होती, कारण विषाणू गेल्यानंतरही अँटीबॉडी वर्षानुवर्षे रक्तात राहतात. ती अडचण पीसीआर तंत्राने सोडवली. रक्तातील विषाणूचा आरएनए थेट शोधता येऊ लागला आणि एएलटीवरून अंदाज बांधण्याची गरज उरली नाही. १९९७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचे पहिले आंतरराष्ट्रीय प्रमाण आल्यावर निरनिराळ्या लॅबचे आकडे एकाच एककात मोजता येऊ लागले.

मात्र वाट पाहण्याची मुदत जुनीच राहिली. १९९० च्या दशकात निकष पक्का झाला तो असा : उपचार संपल्यावर २४ आठवड्यांनी रक्तात आरएनए नसावा. इंटरफेरॉनला १९९८ मध्ये रिबाविरिनची जोड मिळाली आणि २००१ पासून आठवड्याला एकदा घ्यायचे पेग-इंटरफेरॉन आले, पण २४ आठवडे बदलले नाहीत. विषाणूचा जीनोटाइप १ हा प्रकार असलेल्या रुग्णाला ४८ आठवडे इंजेक्शने आणि त्यावर २४ आठवड्यांची प्रतीक्षा, म्हणजे जवळजवळ दीड वर्ष टांगणीवर काढावे लागे. ताप, अंगदुखी, रक्ताल्पता, नैराश्य हे सारे सोसूनही त्यांच्यातील निम्म्याहून अधिक लोकांच्या वाट्याला अपयशच येई. त्यांच्या धीराची नोंद वैद्यकाच्या इतिहासात फारशी कोणी घेतलेली नाही, आणि ती घ्यायला हवी.

मुदत कमी करता येईल हे दिसले ते चाचणीची नजर तीक्ष्ण झाल्यावर. जुन्या पद्धतींना रक्तात थोडाच विषाणू असेल तर तो दिसत नसे. नव्या रिअल-टाइम पीसीआरला मिलिलिटरमागे १५ आंतरराष्ट्रीय एककांइतका आरएनएसुद्धा सापडू लागला. २०१० मध्ये फ्रान्समधील मिशेल मार्तिनो-पेन्यू यांच्या गटाने दाखवून दिले, की बाराव्या आठवड्याला ज्यांचे रक्त स्वच्छ होते, त्यांपैकी जवळजवळ सर्वांचे चोविसाव्या आठवड्यालाही स्वच्छच राहिले. त्यानंतर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १५ चाचण्यांतील १३,५९९ रुग्णांची माहिती एकत्र तपासली. बाराव्या आठवड्याच्या चांगल्या निकालावरून चोविसाव्याचे भाकीत ९८ टक्के वेळा बरोबर ठरले. चौथ्या आठवड्यावरून केलेले भाकीत मात्र ९१ टक्क्यांवरच अडले. हे विश्लेषण २०१३ मध्ये छापून आले. मुदत निम्मी झाल्याने नव्या औषधांच्या चाचण्या तीन महिने आधी संपू लागल्या. कंपन्यांची त्यात सोय होती हे खरे, पण रुग्णाच्या डोक्यावरचे ओझेही तीन महिन्यांनी हलके झाले.

बारा आठवडे पुरेसे का, याचे उत्तर विषाणूच्या स्वभावात आहे. १९९८ मधील एका अभ्यासानुसार रक्तातील विषाणुकणांचे अर्धआयुष्य सुमारे तीन तासांचे असते आणि शरीरात रोज सुमारे एक लाख कोटी नवे कण तयार होतात. हेपॅटायटिस बी किंवा एचआयव्हीसारखा हा विषाणू पेशीच्या केंद्रकात ठाण मांडून बसत नाही. जगायचे तर त्याला सतत वाढत राहावे लागते. त्यामुळे उपचारातून थोडासा जरी वाचला, तरी औषधाचा दाब निघताच काही आठवड्यांत तो मोजता येण्याइतका वाढतो. आजार उलटायचा असेल तर बहुतेकदा पहिल्या महिन्यातच उलटतो. बारा आठवड्यांनंतर उलटणे फार विरळ. नंतर कोणाच्या रक्तात विषाणू आढळलाच, तर बहुधा तो नव्याने झालेला संसर्ग असतो.

डिसेंबर २०१३ मध्ये सोफोसबुविर या विषाणूविरोधी गोळीला अमेरिकेत मंजुरी मिळाली आणि इंजेक्शनांचे युग मावळू लागले. तिथे १२ आठवड्यांच्या कोर्सची किंमत ८४,००० डॉलर होती. २०१४ मध्ये भारतीय कंपन्यांना उत्पादनाचे परवाने मिळाले आणि इथली किंमत वेगाने उतरली. पंजाबने २०१६ मध्ये मोफत उपचार सुरू केले. २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय विषाणुजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि सरकारी केंद्रांत तपासणी व औषधे विनामूल्य मिळण्याची सोय देशभर झाली. आता बहुसंख्य रुग्णांचा कोर्स १२ आठवड्यांचाच असतो. त्यामुळे गोळ्यांचे बारा आठवडे आणि नंतरचे बारा आठवडे यांची गल्लत होते. बरे वाटते आहे, गोळ्याही संपल्या, मग पुन्हा बसभाडे आणि दिवसाची मजुरी का घालवायची, असे म्हणून अनेकजण शेवटच्या तपासणीला येतच नाहीत. गोव्यातील मोलबायो कंपनीच्या ट्रूनॅटसारखी छोटी, बॅटरीवर चालणारी यंत्रे इथे कामी येतात. नमुना दूरच्या लॅबला न पाठवता निकाल त्याच दिवशी देता येतो.

रिपोर्टवर आरएनए आढळला नाही असे लिहिले असेल, तर निकाल स्पष्ट असतो. कधी मोजमापाच्या मर्यादेखाली अंश आढळल्याची नोंद येते. तिचा अर्थ अपयश असा लावत नाहीत, तपासणी पुन्हा करतात. अँटीबॉडीची चाचणी पुढेही पॉझिटिव्हच येत राहते. म्हणून नोकरीच्या, शस्त्रक्रियेपूर्वीच्या किंवा डायलिसिसच्या तपासणीत आरएनएचा जुना रिपोर्ट जवळ असावा लागतो. या अँटीबॉडी नव्या संसर्गापासून संरक्षण देत नाहीत. ज्यांच्या यकृताला उपचारापूर्वीच सिरॉसिस झालेला असतो, त्यांना विषाणू गेल्यावरही यकृताच्या कर्करोगाचा धोका उरतो. त्यांची सोनोग्राफी दर सहा महिन्यांनी चालूच ठेवतात.